भाव पडणाऱ्या घोड्यावर पैसे लावायची पद्धत खरी की खोटी, हे तपासायचं कसं

सध्या आमच्या वणी-मारेगावकडच्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर एक पद्धत लय फिरून रायली. शर्यतीच्या आधी घोड्यांचे भाव, म्हणजे घोडा जिंकला तर एका रुपयाला किती मिळतील ते आकडे, बघत बसायचं, ज्याचा भाव पटापट खाली येतो त्याच्यावर पैसे लावायचे, कारण भाव खाली आला म्हणजे आतल्या लोकांनी पैसा टाकला, आणि आतल्या लोकांना घोडा माहीत असतो. सोबत मागच्या सिझनच्या हिशोबाचा स्क्रीनशॉट येतो, शंभर पैजा आणि पन्नास टक्क्यांच्या वर नफा, तारखेसकट. पानठेल्यावर एका पोट्ट्यानं मला सरळ विचारलं, "काका, तुमी कापसाच्या जिनात हिशोब लिवत होते ना, मंग पाहून सांगा, बेरीज तं बरोबर हाय, मंग पद्धत खोटी कशी?"

प्रश्न चांगला आहे आणि टाळण्यासारखा नाही. बेरीज मी पण करून पाहिली, बरोबरच होती. पण बेरीज बरोबर असली म्हणून पद्धत बरोबर होत नाही, कारण सगळं अडतं ते एका गोष्टीवर, ज्या भावानं नफा मांडला तो भाव पैसे लावायच्या मिनिटाला कोणाला मिळत होता का? हे नीट समजलं की बाकी अर्धं आपोआप समजतं, म्हणून जरा पायापासून सांगतो.

आपल्या विदर्भात परवान्याचं रेसकोर्स नाही. महाराष्ट्रात आहेत ती मुंबईचं महालक्ष्मी आणि पुणं, दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे, पावसाळ्यात पुण्याला शर्यती आणि हिवाळ्यात मुंबईला. तिथं पैसे लावायचे दोन रस्ते, एक बुकी आणि दुसरा टोट. गावात खायवाडी करणारा जो कोणी असतो तो या दोन्हीत येत नाही, तो बेकायदा धंदा आहे, आणि ऑनलाइन पैशाच्या खेळांवर तर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केला. कोणी म्हणतं की सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ आहे असं सांगितलं, ते खरं आहे, तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं, पण खेळात कौशल्य आहे याचा अर्थ मोबाईलवर आलेल्या पद्धतीत नफा आहे असा होत नाही. पद्धत तपासायला पैसे लावायची गरजच नाही, वही आणि पेन पुरते, हे आधीच सांगून ठेवतो.

आता भाव म्हणजे काय ते बघू. बुकी म्हणतो एकाला चार. म्हणजे १०० लावले आणि घोडा जिंकला तर ४०० नफा आणि आपले १०० परत, हातात ५००. हरला तर १०० गेले. मग या भावात बुकीच्या मते घोडा जिंकायची शक्यता किती? पाचातून एक, म्हणजे २० टक्के. एकाला तीन असेल तर चारातून एक, २५ टक्के. एकाला सहा असेल तर सातातून एक, १४ टक्क्यांच्या जरा वर. भाव जितका मोठा तितकी शक्यता कमी, आणि भाव पडला म्हणजे शक्यता वाढली असं बाजार म्हणतो. इथं कोणाचा गोंधळ होत असेल तर परत एकदा वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा पाच घोड्यांची शर्यत आहे आणि भाव आहेत एकाला दोन, तीन, चार, चार आणि पाच. शक्यता काढा, ३३.३, २५, २०, २० आणि १६.७. बेरीज मारा, ११५ येते. जिंकणारा घोडा तर एकच आहे, खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च व्हायला पाहिजे, मग हे वरचे १५ कोणाचे? बुकीचे. तुम्ही पाचही घोड्यांवर भावाच्या हिशोबानं ११५ रुपये वाटून लावले तर कोणताही घोडा जिंको, हातात १०० च येतात, म्हणजे तेरा टक्के गेले. कोणतीही पद्धत घ्या, तिला पहिले हा खड्डा भरायचा असतो आणि नफा त्याच्यानंतर सुरू होतो.

टोटचं वेगळं आहे. टोटमध्ये बुकी नसतो, सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा हिस्सा कापला जातो आणि उरलेलं जिंकणाऱ्या घोड्यावर तिकीट काढलेल्यांमध्ये वाटलं जातं. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरनं १८६७ च्या सुमारास आणली आणि आज जगभर चालते. टोटमधली मुख्य गोष्ट ही की बोर्डावर दिसणारा भाव पक्का नसतो, खिडकी बंद होईपर्यंत तो हलत राहतो आणि तुम्हाला मिळतो तो शेवटचा. बुकीकडं तुम्ही ज्या भावाला पावती घेतली तो भाव तुमचा, टोटमध्ये तसं नाही.

मग भाव हलतो कशानं? बुकीकडं एका घोड्यावर पैसा आला की तो त्याचा भाव कमी करतो आणि बाकीच्यांचे वाढवतो, नाहीतर तो घोडा जिंकला तर त्यालाच फटका बसतो. येणारा पैसा कधी खरंच माहितीचा असतो, म्हणजे मालकाचा, तबेल्याशी संबंध असणाऱ्याचा, सकाळच्या सरावात घोडा पळताना ज्यानं वेळ लावून पाहिली त्याचा. कधी तो नुसता गर्दीचा असतो, कोणीतरी टिप टाकली आणि शंभर जण एकदम धावले. दुसऱ्या बुकीनं भाव कमी केला म्हणून हा पण करतो. आणि कधी कधी कोणाचाच पैसा नसतो तरी भाव पडतो, ते कसं ते पुढं सांगतो, कारण हिशोब मांडणारे बहुतेक जण तिथं फसतात.

भाव पडण्यात माहिती असते का? असते, आणि हे मी मोकळेपणानं मान्य करतो. शर्यत सुटायच्या वेळचा भाव हा सकाळच्या भावापेक्षा घोड्याची खरी शक्यता जास्त चांगली सांगतो, हे शर्यतींवर अभ्यास करणाऱ्यांनी वारंवार पाहिलं आहे. हाँगकाँगला बिल बेंटर नावाच्या अमेरिकन माणसानं कॉम्प्युटरवर घोड्यांचं मॉडेल बनवून अफाट पैसा कमावला आणि १९९४ मध्ये त्यावर स्वतः पेपर लिहिला, त्यात त्यानं आपल्या मॉडेलच्या अंदाजात लोकांचा भाव पण मिसळला होता, कारण लोकांच्या भावात असं बरंच काही असतं जे मॉडेलला दिसत नाही. म्हणजे ज्याच्याकडं एवढी ताकद होती तोही भावाला मान देत होता. म्हणून पोट्टे म्हणतात की पडणारा भाव काहीतरी सांगतो, तर ते बरोबर आहे. पण त्यानं सांगितलेलं ऐकू येईपर्यंत भाव पडून गेलेला असतो, आणि मग त्या माहितीचा पैसा आपल्या हातात कसा येणार?

आता तो शंभर पैजांचा हिशोब घेऊ. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरतो. समजा असे १०० घोडे निवडले ज्यांचा भाव सकाळी एकाला सहा होता आणि शर्यत सुटताना एकाला तीन झाला. त्यातले २२ जिंकले. प्रत्येकावर एक रुपया लावला. सकाळच्या भावानं मांडलं तर प्रत्येक जिंकण्यावर ७ रुपये हातात, २२ गुणिले ७ म्हणजे १५४, लावले १००, नफा ५४. शेवटच्या भावानं मांडलं तर २२ गुणिले ४ म्हणजे ८८, तोटा १२. घोडे तेच, जिंकलेले तेच, तारखा त्याच. बदललं काय, तर फक्त भावाचा रकाना. स्क्रीनशॉटमध्ये कोणता रकाना होता? सकाळचा.

पण सकाळी एकाला सहा भाव असताना हा घोडा दुपारी तीनवर येणार हे कोणाला माहीत होतं? कोणालाच नाही. घोडा निवडला दुपारच्या माहितीवर आणि भाव लावला सकाळचा. आपल्या कास्तकाराला हे लगेच समजेल, सकाळी व्यापाऱ्यानं कापसाला ७४०० चा भाव काढला, गाड्यांची लाईन लागली, तुमची गाडी काट्यावर चढली तेव्हा भाव ७१०० होता, तर चुकारा ७१०० नंच होणार, घरी जाऊन वहीत ७४०० लिहिले म्हणून बँकेत तेवढे जमा होत नाहीत. जिनात लिहिलेल्या प्रत्येक पावतीवर वजनाची वेळ आणि त्या वेळचा भाव असायचा, त्याशिवाय मुनीम सही करत नव्हता. पैजेच्या हिशोबात पण तोच नियम पाहिजे, निर्णय किती वाजता झाला आणि त्या मिनिटाला भाव काय होता.

तर मग प्रामाणिक हिशोब करू. नियम ठरवा, की सकाळच्या सहावरून भाव साडेतीनवर आला की मी पैसे लावणार. म्हणजे मला मिळालेला भाव साडेतीन. तेच १०० घोडे, २२ जिंकले, प्रत्येकी साडेचार हातात, ९९ रुपये. एक रुपयाचा तोटा. ५४ च्या नफ्याचा एक रुपयाचा तोटा झाला आणि अजून आपण कोणतीही शंका घेतली नाही, फक्त खरा भाव लिहिला.

आणि हा हिशोबही अजून पूर्ण खरा नाही. साडेतीनवर आलेले सगळेच घोडे पुढं तीनवर जात नाहीत. काहींचा भाव तिथून उलटा फिरतो, परत पाच, परत सहा. तुम्ही तर साडेतीनला पैसे लावून बसले. पण संध्याकाळी यादी बनवणारा माणूस म्हणतो की ज्यांचा भाव सहावरून तीन झाला तेवढेच घोडे काढा, आणि उलटे फिरलेले घोडे त्या यादीत येतच नाहीत. समजा सिग्नल, म्हणजे भाव साडेतीनवर येणं, एकूण १६० घोड्यांनी दिला, १०० पुढं गेले, ६० उलटे फिरले आणि त्या ६० मधले ८ जिंकले. आता एकूण जिंकलेले ३०, प्रत्येकी साडेचार, १३५ रुपये. लावले १६०. तोटा २५, म्हणजे शेकडा साडेपंधराच्या वर. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, कारण लबाडी कोणी मुद्दाम करत नाही, यादी काढतानाच ती आपोआप होते. म्हणून नियम असा पाहिजे की शर्यतीच्या आधीच्या त्या मिनिटाला जेवढं दिसत होतं तेवढ्यावरच घोडा यादीत आला पाहिजे, आणि एकदा आला की पुढं काहीही होवो, तो यादीतून निघाला नाही पाहिजे.

टोटवर हीच पद्धत लावली तर अजून वाईट होते. समजा विनच्या पूलमध्ये, म्हणजे पहिला कोण येणार यावर लागलेल्या एकत्र पैशात, १ लाख जमा आहेत आणि कापणी २० टक्के धरू, वाटायला ८०,००० उरले. तुमच्या घोड्यावर २०,००० लागले आहेत. बोर्डावर १० रुपयांच्या तिकिटाला ४० दिसतात. तुम्ही तिकीट काढलं. शेवटच्या दोन मिनिटांत त्याच घोड्यावर अजून १०,००० आले. आता पूल १,१०,०००, वाटायला ८८,०००, घोड्यावर ३०,०००, तिकिटाला २९ रुपये. घोडा जिंकला तरी तुमच्या ४० चे २९ झाले आणि तुम्ही काही करू शकत नव्हते. आणि तुम्हीच ५,००० चे तिकीट काढलं असतं तर? पूल १,१५,०००, वाटायला ९२,०००, घोड्यावर ३५,०००, तिकिटाला २६. लहान पूलमध्ये आपला पैसाच आपला भाव पाडतो. पडणाऱ्या भावाच्या मागं धावणारे दहा जण असले तर दहाही जण एकमेकांचा भाव खातात. म्हणून टोटच्या बोर्डावर शर्यतीच्या पाच मिनिटं आधी दिसलेला आकडा वहीत नफा म्हणून लिहिणं चुकीचं आहे, लिहायचा तो शेवटी जाहीर झालेला डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला खरंच मिळणारी रक्कम.

आता ते बिनपैशाचं भाव पडणं. रेसकार्डमध्ये आठ घोडे आहेत, ऐनवेळी फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात छोट्या भावाचा घोडा काढून घेतला, लंगडला म्हणा किंवा स्टार्टिंग गेटमध्ये शिरलाच नाही. उरलेल्या सातांचे भाव एकदम खाली येतात, कारण जिंकायला आता सातच उरले. यात कोणाचा आतला पैसा नाही, हे नुसतं वाटप आहे. इंग्लंडमध्ये अशा वेळी आधी घेतलेल्या पावत्यांवर ठरलेल्या टक्क्यांची कपात करतात. पण जो माणूस नुसता सकाळचा भाव आणि शेवटचा भाव असे दोन रकाने बघतो त्याला सातही घोड्यांचा भाव पडलेला दिसतो, तो त्यांना सिग्नल समजतो, आणि त्यातला एक तर जिंकतोच. म्हणून हिशोबात घोडा काढल्याची वेळ पाहिजेच, आणि त्या शर्यती एकतर बाजूला ठेवा नाहीतर बाकीच्या घोड्यांचा भाव आधी दुरुस्त करून मग तुलना करा.

पुढचा प्रश्न तुलनेचा. समजा तुमच्या पद्धतीत शेकडा ६ तोटा आला. कोणी म्हणेल की बाकीचे लोक शेकडा पंधरा-वीस हरतात, म्हणजे पद्धतीत काहीतरी दम आहे, जरा सुधारली की नफ्यात येईल. थांबा. अमेरिकेत ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये दाखवलं की लोक लांबच्या घोड्यांवर, म्हणजे मोठ्या भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. नंतर पुष्कळ देशांत हे दिसलं. याचा अर्थ छोट्या भावाचे घोडे डोळे मिटून घेतले तरी तोटा कमीच येतो. आणि भाव पडलेला घोडा म्हणजे कोण? छोट्या भावाचा घोडा. मग तोटा कमी आला तो भाव पडल्यामुळं की भाव छोटा असल्यामुळं? हे वेगळं काढायला एकच उपाय, त्याच शर्यतींमधले तेवढ्याच भावाचे पण ज्यांचा भाव हलला नाही असे घोडे घ्या आणि त्यांचा तोटा काढा. दोन्ही सारखे निघाले तर पद्धतीत काही नाही. हे काम कोणी करत नाही कारण कंटाळवाणं आहे, पण तपासणी म्हणतात ती यालाच.

आता नशिबाचं बघू, कारण पोट्टे म्हणतात की १०० पैजा म्हणजे भरपूर झाल्या. एकाला चार भावाचे घोडे घ्या आणि समजा त्यांची खरी शक्यता पण बरोबर २० टक्केच आहे, म्हणजे पद्धतीत नफा पण नाही आणि तोटा पण नाही. १०० पैजांत सरासरी २० जिंकतील. पण नेमके २० जिंकतील असं नाही, नशिबाचा हेलकावा इथं ४ चा आहे, म्हणजे साधारण तीनातून दोन वेळा आकडा १६ ते २४ च्या मधे येईल आणि बहुतेक वेळा १२ ते २८ च्या मधे. २४ आले तर १२० रुपये, नफा २०. २८ आले तर १४०, नफा ४०. १६ आले तर ८०, तोटा २०. म्हणजे ज्या पद्धतीत काहीच नाही तिच्यातून १०० पैजांवर वीस टक्के नफा दाखवणारे लोक सहज भेटतील, आणि मोबाईलवर तेच लोक दिसतात कारण तोटा आलेला माणूस स्क्रीनशॉट टाकत नाही.

मग किती पैजा पाहिजेत? या भावाच्या घोड्यांवर शेकडा ५ चा खरा नफा नशिबापासून वेगळा ओळखायचा असेल तर सहा हजाराच्या वर पैजा लागतात. आठवड्याला पाच सिग्नल धरले तर वर्षाचे २६०, आणि सहा हजाराच्या वर जायला जवळपास चोवीस वर्षं. हे ऐकून पोट्ट्याचं तोंड उतरलं, पण गणित असंच आहे. उलटं पण लक्षात ठेवा, पाचशे पैजांत अशा घोड्यांवर लागोपाठ वीस हरणं हे अगदी साधारण आहे, त्यात पद्धत बिघडली असं काही नसतं. बाराव्या-पंधराव्या हारेला माणूस घाबरून पैजेची रक्कम दुप्पट करतो, आधीचं भरून काढायला, आणि पंधरा हारांत दुप्पट-दुप्पट करत गेला तर शंभरापासून सुरू केलेली पुढची पैज बत्तीस लाखांच्या वर जाते. आमच्या भागात खाणीत गेलेल्या जमिनीचे पैसे ज्या घरांत आले तिथं ही सवय काय करते ते लोकांनी डोळ्यानं पाहिलं आहे, त्यावर जास्त लिहवत नाही.

अजून एक गोष्ट घडते. पद्धत चालली नाही की नियम बदलतो. सहावरून साडेतीन नको, आठवरून चार घे. फक्त शनिवार-रविवार घे. फक्त १६०० मीटर घे. फक्त अमुक जॉकी असला तर घे. असे वीस नियम जुन्या आकड्यांवर लावून पाहिले तर एखादा नियम नुसत्या नशिबानं चांगला दिसणारच. प्रत्येक नियमाला नशिबानं चांगलं दिसायची शक्यता ५ टक्के धरली तर विसांतून किमान एक चांगला दिसायची शक्यता ६४ टक्के होते. आणि पोस्ट त्याच एकावर बनते, बाकीच्या १९ चा उल्लेख कुठंच नसतो. म्हणून जुने आकडे दोन भागांत ठेवा, पहिल्या भागावर पाहिजे तेवढे नियम लावून बघा, एक ठरवा, कागदावर लिहा, तारीख टाका, आणि मग दुसऱ्या भागावर एकदाच चालवा. एकदाच. तिथं चालला नाही आणि तुम्ही परत नियम बदलला तर तो दुसरा भाग पण वापरून झाला, आता नवीन शर्यतींची वाट पाहा.

चोवीस वर्षं थांबायची कोणाची तयारी नसते, मला माहीत आहे, म्हणून एक जवळचा रस्ता सांगतो जो बुकीच्या पक्क्या भावावर चालतो. घोडा जिंकला की हरला ते सोडून द्या, फक्त दोन भाव लिहा, तुम्ही ज्या भावाला निर्णय घेतला तो आणि शर्यत सुटतानाचा. तुमचा भाव शेवटच्या भावापेक्षा कायम मोठा असेल तर तुम्ही बाजाराच्या आधी पोचत आहात. यात नशिबाचा हेलकावा कितीतरी कमी असतो, त्यामुळं काही शे नोंदींमध्येच चित्र दिसायला लागतं. पण बुकीचे ते १५ विसरू नका. तुम्ही साडेतीनला घेतला आणि घोडा तीनवर सुटला, वाटतं की आपण जिंकलो. तीनच्या भावाची शक्यता २५ टक्के, पण ती ११५ मधली आहे, १०० वर आणली तर २१.७ टक्के. त्याला साडेचारानं गुणा, ९८ पैशांच्या जरा खाली येतं. म्हणजे रुपयाला दोन पैसे तोटाच. छोट्या भावाच्या घोड्याची शक्यता ग्रिफिथच्या कारणानं थोडी जास्त धरा, तरी फार तर बरोबरीला येता. बाजाराच्या नुसतं पुढं असून भागत नाही, बुकीच्या हिश्शापेक्षा जास्त पुढं असावं लागतं.

वहीत काय लिहायचं ते पण सांगून ठेवतो. शर्यतीची तारीख आणि नंबर, सकाळचा भाव आणि तो किती वाजता पाहिला, सिग्नल आला ती वेळ, त्या मिनिटाचा भाव, त्यानंतर एक मिनिटानं भाव काय होता, कारण माणसाला बुकीपर्यंत पोचायला वेळ लागतोच आणि पडणारा भाव त्या मिनिटात पण पडतो. मग सुटतानाचा भाव, टोटचा डिव्हिडंड, कोणता घोडा काढला का, आणि निकाल. सुटतानाचा भाव, डिव्हिडंड आणि निकाल हे रकाने सोडून बाकी सगळं शर्यतीच्या आधी भरलं पाहिजे, पेनानं. संध्याकाळी आठवून भरलेली वही काही कामाची नाही, माणूस खोटं बोलतो म्हणून नाही तर जिंकलेला घोडा आपण पाहिला होता असं त्याला खरंच वाटायला लागतं. कोणी पद्धत विकायला आला तर त्याच्याकडं पण हीच वही मागा, मेसेज किती वाजता टाकला, तेव्हा भाव काय होता, आणि सिग्नल दिलेल्या सगळ्या घोड्यांची यादी कुठं आहे. यादी न देता फक्त जिंकलेल्यांचे फोटो देत असेल तर पुढं बोलायची गरज नाही.

राहिला कर, आणि हा रकाना तर मी कोणाच्याच हिशोबात पाहिला नाही. घोड्यांच्या पैजेवर जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, आणि तो क्लबच्या कमाईवर नाही तर पैजेच्या पूर्ण रकमेवर धरतात. १०० च्या पैजेवर कर वरून दिला तर खिशातून १४० जातात. पद्धत अगदी बरोबरीची असली, सरासरी १०० लावून १०० परत आणणारी, तरी १४० चे १०० होतात. ते भरून काढायला पद्धतीला शेकडा चाळीस नफा पाहिजे, आणि आपण वर शेकडा पाचासाठी चोवीस वर्षं मोजली. त्यावर परत आयकर, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के, आणि त्यातून हरलेल्या पैजा वजा करता येत नाहीत. जीएसटी क्षणभर बाजूला ठेवून बघा, १०० रुपयांच्या १०० पैजा, एकाला चार भाव, २० जिंकल्या, तर जिंकले ८,००० आणि हरले ८,०००, हातात शून्य. कर मात्र त्या जिंकलेल्या ८,००० वर, म्हणजे २,४०० रुपये, वर सेस वेगळा. त्यामुळं वहीत कराचे दोन रकाने आधीच आखून ठेवा, जीएसटीचा ज्या दिवशी पैज लिहिली त्याच दिवशी भरा आणि आयकराचा निकाल लागला की लगेच, सिझन संपायची वाट पाहू नका.